उघड्या मोटारीचे कुलूप

मोटारीचे छप्पर कापडाचे असेल आणि ते कोणालाही एका पात्याने फाडता येत असेल, तर तिच्या दाराला कुलूप बसवण्यात काही अर्थ आहे काय? जुन्या धाटणीच्या उघड्या मोटारी बाळगणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी येतो. वरवर पाहता तो श्रीमंतांच्या हौसेचा आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या अखत्यारीतला प्रश्न आहे. आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात अशी मोटार उभी असेल. पण कुलूप कशासाठी असते, ते कोणाला अडवते, कोणाचे रक्षण करते, हा विचार या मोटारीइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच करता येतो. घराला भिंती असतात, म्हणून तेथे कुलपाचा उपयोग आपण गृहीत धरतो. येथे भिंतच कापडाची आहे.

आधी या मोटारींची हकिकत. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये दोन माणसांच्या हलक्या, वेगवान, उघड्या मोटारींची लाट आली. १९४५ पासून बनू लागलेली एमजी टीसी, १९४८ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात आलेली जग्वार एक्सके १२०, १९५५ ते १९६२ या काळातली एमजीए या त्यांतल्या प्रसिद्ध गाड्या. जग्वारच्या उघड्या नमुन्याला आणि उघड्या एमजीएला दाराबाहेर हँडलच नव्हते. खिडकीला वर-खाली होणारी काच नव्हती. पाऊस आला की कापडी टप ओढायचा आणि दारावर सुटे पडदे अडकवायचे. पडद्याला एक झापड असे. त्यातून हात आत घालून दोरी किंवा तार ओढली की दार उघडे. जिथे मालकाचाच हात झापडीतून आत जातो, तिथे दुसऱ्याचा हात कोण अडवणार? ती गाडी रपेटीसाठी होती, रात्रभर रस्त्यावर सोडण्यासाठी नव्हती. पुढे १९६२ ची एमजीबी आली, तेव्हा दाराबाहेर हँडल आले, वर-खाली होणाऱ्या काचा आल्या. त्याच साली अमेरिकेत कॅरोल शेल्बी यांची कोब्रा आली. तिच्या असंख्य प्रतिकृती आजही फायबरग्लासमध्ये बनतात, आणि त्यांतल्या अनेकींना जुन्या रूपाशी इमान राखण्यासाठी कुलपाशिवायच ठेवले जाते.

आपल्याकडे या मोटारी मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात दिसतात. पण त्यांचा गरीब चुलतभाऊ आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे ताडपत्रीचा टप असलेली जीप. युद्धकाळातल्या बहुतेक विलीस जीपना दारे नव्हती, आणि पुढे इंजिन सुरू करण्याची चावीही काढून तिच्या जागी साधा खटका दिला गेला. रणांगणावर चावी हरवली तर गाडी निकामी होईल, यापेक्षा ती कोणालाही चालू करता यावी हे बरे, असा तो हिशेब. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत त्याच जातीच्या जीपची जुळणी सुरू केली. म्हणून ताडपत्रीच्या गाडीत सामान ठेवून बाजारात जाण्याची धाकधूक आपल्या लोकांनाही ठाऊक आहे.

आता अशा गाडीला कुलूप बसवायचे तर काय करावे लागते? नुसते बाहेरून किल्लीचे भोक पाडून भागत नाही. दाराच्या मागच्या कडेला लॅच असते, ती चौकटीवरच्या खुंटीला धरून बसते. आतली तार किंवा दांडी ओढली की लॅच सुटते. तेव्हा बाहेर कितीही भारी कुलूप बसवा, वरून हात घालून आतली दांडी ओढली की दार उघडलेच. म्हणजे खरे कुलूप बसवायचे तर आतली दांडीसुद्धा निकामी करावी लागते. काही लोक दारात विजेवर चालणारा सोलेनॉईड बसवून त्याचे बटण कुठे तरी लपवतात. पण बॅटरी उतरली तर मालकच बाहेर राहतो. आणि आतली दांडी बांधलेली असताना कोणी आत असेल आणि अपघात झाला, तर तो अडकेल. म्हणून चांगला मिस्त्री तारेची एक गुप्त वाट राखून ठेवतो आणि गाडी चालू असताना आतली दांडी मोकळीच राहील अशी जोडणी करतो. बाहेरच्या माणसाला अडवण्यासाठी आतल्या माणसाला कितपत बांधावे, हा प्रश्न फक्त मोटारीपुरता नाही, हे सांगायला नको.

इतके करूनही छप्पर कापडाचेच. म्हणून अशा गाड्यांच्या अनेक अनुभवी मालकांचे म्हणणे असते की, दार उघडेच ठेवावे. चोराला दार उघडे मिळाले तर तो आत डोकावेल, काही नसेल तर निघून जाईल. दार बंद असेल तर टप फाडेल, आणि टपाची किंमत आतल्या वस्तूपेक्षा जास्त. हा हिशेब चुकीचा नाही. कुलूप मुळात वेळ विकत घेते, यापेक्षा अधिक काही करत नाही. १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ब्रामाचे प्रख्यात कुलूप उघडून दाखवले. सोळा दिवसांत मिळून त्याला सुमारे ५१ तास लागले. ब्रामाच्या कुलपाने ५१ तास विकत घेतले, कापडी टप काही सेकंद विकत घेतो. मग कुलपाची गरज काय?

याला एक ठरलेले उत्तर मिळते. कुलूप चोरासाठी नसतेच, ते प्रामाणिक माणसाला प्रामाणिक ठेवण्यासाठी असते. हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की त्यातला अपमान आपल्याला जाणवत नाही. ज्याचा प्रामाणिकपणा दोन रुपयांच्या कडीवर टिकून आहे, त्याला प्रामाणिक का म्हणायचे? आणि उघडे दार दिसताच प्रत्येक माणूस ढळतो, हे कोणी ठरवले? कायदा तसे मानत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ३७८ वे कलम घ्या, किंवा १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ३०३ वे कलम घ्या. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी झाली. दाराला कुलूप होते की नव्हते, हे त्या व्याख्येत विचारलेले नाही. उघडी गाडी म्हणजे चोराला दिलेली परवानगी नव्हे.

मग मालकावर काहीच जबाबदारी नाही का? आहे. तिर्मिजींच्या हदीस-संग्रहात एका माणसाचा प्रश्न आलेला आहे. उंटाला बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून भरवसा ठेवू? प्रेषितांनी (स.) त्याला आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. रात्री झोपताना दारे बंद करावीत, भांडी झाकावीत, दिवे विझवावेत, ही शिकवणही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तवक्कुल म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे आपण मशिदीत आणि मदरशात नेहमी ऐकतो. परंतु फिकहच्या विद्वानांनी या विषयात आणखी एक बारीक भेद केला आहे आणि तो आपल्या सर्वसाधारण वाचनात फारसा येत नाही. तो भेद आहे ‘हिर्ज’चा.

हिर्ज म्हणजे मालाचे संरक्षण, मालाला घातलेले कुंपण. चोरीसाठी शरीअतने ठरवलेली कठोर शिक्षा देण्यापूर्वी जे अनेक प्रश्न विचारले जातात, त्यांत हाही आहे की, माल हिर्जमध्ये होता का? उघड्यावर बेवारस टाकलेला माल कोणी उचलला तर ते पाप आहेच, माल परत करावा लागतोच, पण ती कठोर शिक्षा लागू होत नाही. हनफी फुकहांनी हिर्जचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जागेचा हिर्ज : घर, पेटी, कोठार, कुलूप. दुसरा राखणदाराचा हिर्ज : माल उघड्यावर असला तरी कोणीतरी त्याच्याजवळ आहे, त्याची नजर त्यावर आहे. या दुसऱ्या प्रकारासाठी सफवान बिन उमय्या यांची हकिकत सांगितली जाते. ते मशिदीत आपली चादर उशाला घेऊन झोपले होते, आणि चोराने ती काढून घेतली. मशिदीचे दार तर सर्वांसाठी उघडे. पण चादर त्यांच्या डोक्याखाली होती, म्हणून ती संरक्षित मानली गेली. पुढे चोराला शिक्षा सुनावली गेली तेव्हा सफवान यांना दया आली आणि ते चादर सोडून द्यायला तयार झाले. त्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले की, प्रकरण माझ्याकडे आणण्यापूर्वी हे का केले नाही?

उघड्या मोटारीचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. ज्या गाडीला जागेचा हिर्ज नाही, म्हणजे कुलूप नाही, तिला राखणदाराचा हिर्ज लागतो. कुठल्या तरी डोळ्याने तिच्यावर पहारा ठेवायला हवा. हा डोळा कोणाकडे पाहतो?

लग्नाच्या हॉलबाहेर अशी एक गाडी उभी आहे असे समजा. आत सीटवर कॅमेरा आहे. मालक दोन तासांनी परत येतो, कॅमेरा नाही. दार उघडेच होते, टप शाबूत आहे, कुठे ओरखडा नाही. आता मालकाची नजर कोणाकडे जाईल? गाड्या लावून देणाऱ्या पोराकडे. काच पुसणाऱ्याकडे. हॉलच्या वॉचमनकडे. त्यांच्यातही निवड होईल. ज्याचे कपडे मळके, ज्याची बोली वेगळी, जो परप्रांतातला, त्याच्याकडे आधी. आणि नाव विचारल्यावर ते विशिष्ट प्रकारचे निघाले, तर पुढचा प्रश्न विचारण्याची पद्धतच बदलते. हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. भाड्याने खोली शोधताना नाव सांगितल्यावर ‘मालकांना विचारून सांगतो’ हे उत्तर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना संशयाची निवड कशी होते हे ठाऊक आहे.

कुलूप आणि संशय यांतला फरक असा की, कुलूप निवड करत नाही. किल्ली नसलेल्या प्रत्येकाला ते सारखेच अडवते. शेठला, नोकराला, मालकाच्या मेहुण्याला आणि रस्त्यावरच्या पोरालाही. कुलपाला नाव विचारता येत नाही. संशय मात्र आधी नाव विचारतो. म्हणून जिथे कुलूप नसते तिथे विश्वास असतो, हे आपण समजतो तितके खरे नाही. पुष्कळदा तिथे कुलपाचे काम संशयाने अंगावर घेतलेले असते.

आता टप वाचवण्यासाठी दार उघडे ठेवण्याचा हिशेब पुन्हा पाहू. दाराला कुलूप असते तर चोराने टप फाडला असता, हे खरे. मालकाचे नुकसान वाढले असते, हेही खरे. पण फाटलेला टप ही एक साक्ष आहे. कोणीतरी बाहेरून, जबरदस्तीने, हत्याराने आत शिरले, असे ती सांगते. जो पोरगा दोन तास सगळ्यांसमोर गाड्या लावत होता, त्याच्यावरचा संशय ती पुसत नसली तरी बराच हलका करते. उघड्या दारातून गेलेली वस्तू कसलीही खूण मागे ठेवत नाही, आणि खूण नसली की आसपासचा प्रत्येक जण आरोपी होतो. म्हणजे दार उघडे ठेवून मालकाने टपाचे पैसे वाचवले, पण त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी इज्जतीतून जाऊ शकते. हिशेबाच्या वहीत ही रक्कम येत नाही, कारण ती मालकाच्या खिशातून गेलेली नसते.

शाळेत शिकवताना हे फार लहान प्रमाणात रोज दिसते. वर्गात कोणाचे पेन हरवले की शिक्षकाने काही विचारण्याआधीच मुलांच्या माना एका ठरलेल्या बाकाकडे वळतात. त्या बाकावर बहुधा सर्वांत गरीब मूल बसलेले असते. पेन अर्ध्या तासाने दप्तराच्या तळाशी सापडते. वळलेल्या माना पुन्हा फळ्याकडे जातात आणि कोणी माफी मागत नाही, कारण तोंडाने कोणी आरोपच केलेला नसतो. सूरह हुजुरातमध्ये पुष्कळसे संशय टाळायला सांगितले आहे, कारण काही संशय पाप असतात. तिथेच पाळत ठेवण्याला आणि पाठीमागे निंदा करण्यालाही मनाई आहे. या तीन गोष्टी एकाच ठिकाणी याव्यात यात मला मोठा अर्थ वाटतो. संशय आला की पाळत येते, पाळत आली की कुजबुज येते. बदगुमानीपासून वाचायचे तर नुसते मन साफ ठेवा असे सांगून भागत नाही, तिला निमित्तच मिळू नये अशी व्यवस्थाही करावी लागते.

यावर कोणी म्हणेल, कुलूप हा स्वतःच संशयाचा जाहीरनामा नाही का? कुलपाशिवायचा समाज अधिक चांगला नाही का? आपल्याच महाराष्ट्रात शनिशिंगणापूर आहे. तेथे घरांना दारे-कुलपे लावत नाहीत, अशी ख्याती आहे. तेथील भाविकांच्या श्रद्धेचा पूर्ण मान राखून एवढे म्हणता येते की, तिथला आधार माणसावरचा विश्वास हा नाही, चोराला दैवी शिक्षा होते ही धारणा आहे. म्हणजे राखणदार तिथेही आहे, फक्त तो दिसत नाही. २०१० मध्ये तेथे एका भाविकाच्या वाहनातून रोकड आणि ऐवज गेल्याची तक्रार झाली. २०११ मध्ये युको बँकेने तेथे कुलपाशिवायची शाखा उघडली म्हणून मोठी चर्चा झाली. पण तिच्या काचेच्या दाराला सहज नजरेस न पडणारे विद्युतचुंबकीय कुलूप असल्याचेही पुढे वृत्तपत्रांत आले. यात बँकेची चेष्टा करण्यासारखे काही नाही. लोकांच्या ठेवी ही अमानत आहे. गावाची भावना न दुखवता ती सांभाळण्याचा हा मार्ग होता. जुन्या मोटारीचे रूप न बिघडवता दारात लपवलेला सोलेनॉईड त्याच जातीचा आहे.

कुलपाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. कुलूप असले की किल्ली असते आणि किल्ली सोपवता येते. ज्या गाडीला कुलूपच नाही, ती कोणाच्या हवाली करताना मालकाजवळ देण्यासारखे काय असते? फक्त नजर, आणि नजर तर तो स्वतःकडेच ठेवतो. किल्ली दिली की समोरचा माणूस अमीन होतो. मक्का विजयाच्या वेळी, हिजरी ८ मध्ये म्हणजे इ.स. ६३० मध्ये, काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडून घेण्यात आली होती. ती आपल्याला मिळावी अशी इतरांची इच्छा असताना प्रेषितांनी (स.) ती उस्मान यांनाच परत दिली. अमानत ज्याची त्याला पोहोचती करण्याविषयी सूरह निसामध्ये जी आज्ञा आहे, तिचा संबंध अनेक मुफस्सिर या प्रसंगाशी जोडतात. त्यांच्या घराण्याकडे ती किल्ली आजही आहे. कुलूप नसते तर हा विश्वास दाखवायला जागाच राहिली नसती. गॅरेजमधल्या पोराच्या हातात मालक किल्ली ठेवतो, तेव्हा लहान प्रमाणात तेच घडते. संशयिताच्या जागी तो जबाबदार माणूस होतो.

अर्थात कुलपालाही मर्यादा हवी. आतल्याला गुदमरवणारे कुलूप नको, आणि दहा रुपयांच्या वस्तूसाठी हजारांचे कुलूपही नको. उघड्या मोटारीच्या मालकापुढे माझ्या मते दोन रास्त वाटा आहेत. एक, गाडीत काहीच ठेवू नये, दारे खुशाल उघडी ठेवावीत आणि इंजिनची वीज तोडणारा खटका बंद करून निघून जावे. मग पोर आत डोकावले, सीटवर बसून चक्र फिरवून गेले, तरी हरवण्यासारखे काही नाही आणि कोणावर आळ येण्यासारखेही नाही. दुसरी, काही ठेवायचेच असेल तर दाराला नीट कुलूप बसवावे, किंवा गाडीच्या तळाला बोल्टने पक्की केलेली कुलपाची लोखंडी पेटी ठेवावी. टप फाटण्याचा धोका आपल्या शिरावर घ्यावा. तिसरी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त चालणारी आहे. मौल्यवान वस्तू उघड्यावर ठेवायची, स्वतःच्या मोकळ्या मनाचे कौतुक करून घ्यायचे आणि वस्तू गेली की आसपासच्या गरिबांची झडती घ्यायची. ही वाट बंद केली पाहिजे.

आपल्या घरांनाही हे लागू आहे. कामाला येणाऱ्या बाईसमोर कपाट सताड उघडे टाकणे हा पुष्कळांना मोठेपणा वाटतो. तिच्या दृष्टीने पाहिले तर तो रोजचा धोका आहे. घरातल्याच कोणी बांगडी जागा बदलून ठेवली तरी जबाब तिला द्यावा लागणार. कपाटाला कुलूप लावणारी मालकीण तिच्यावर अविश्वास दाखवते असे आपण म्हणतो. त्या बाईलाच विचारले, तर ती बहुधा कुलूप लावा असेच सांगेल.